आपण डोंबिवलीच का निवडली?

स्मरणिका समितीने माझ्याकडे 'सोसायटीचा इतिहास' हा विषय दिला. नोंदणी, पहिली कार्यकारिणी, पाण्याची टाकी, लिफ्टचे प्रताप हे सगळं सचिवांच्या अहवालात येणारच आहे, म्हणून ते मी सोडून दिलं आणि दुसराच प्रश्न घेतला. २००० साली ताबा मिळाला तेव्हा आपण २८ कुटुंबं इथे राहायला आलो. त्यातली निम्म्याहून जास्त बदलीमुळे किंवा नव्या नोकरीमुळे मुंबईकडे आलेली. कोणी मिरजेहून, कोणी अकोल्याहून, कोणी रत्नागिरीहून, एक कुटुंब तर थेट इंदूरहून. मुंबईच्या आसपास इतकी गावं असताना या सगळ्यांनी डोंबिवली पूर्वच का धरली? जुन्या सभासदांच्या घरी चहाला जाऊन मी हे विचारलं. प्रत्येकाची हकीगत वेगळी, पण शेवटी गाडी एकाच ठिकाणी यायची. शाळा चालत, स्टेशन चालत.

आधी थोडं गावाविषयी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे डोंबिवलीच्या शिवारातून आगगाडी जायला लागली, पण इथे थांबायला तिला बरीच वर्षं लागली. स्टेशन झालं १८८७ मध्ये. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि जलद गाड्यांचा मुंब्र्याचा वळसा वाचला. शेजारी ठाकुर्लीला रेल्वेने आपलं वीजघर उभारलं. स्वातंत्र्यानंतर गिरगाव-दादरच्या खोल्यांत मावेनाशी झालेली कुटुंबं इकडे सरकू लागली, आणि १९६० च्या दशकात एमआयडीसी आली. तेव्हापासून या गावाला दोन्ही बाजूंनी नोकऱ्या आहेत. सकाळी अर्धं गाव स्टेशनकडे धावतं आणि थोडं उलट्या दिशेने कारखान्यांकडे जातं.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. डोंबिवली वाढली ती लोकांकडे गाड्या नव्हत्या तेव्हा. स्टेशनवर उतरलेला माणूस पिशवी घेऊन जितकं चालू शकेल, तितकंच गाव पसरलं. फडके रोडवरचं गणपती मंदिर, भाजी बाजार, दवाखाने, वाचनालय, सगळं त्या टप्प्यात. शाळाही तशाच. टिळकनगर विद्या मंदिर घ्या, स. वा. जोशी विद्यालय घ्या, स्वामी विवेकानंद शाळा घ्या. वस्तीच्या मधोमध उभ्या. मुलाने पाढे म्हटले नाहीत तर बाई संध्याकाळी भाजी घेताना आईला सांगायच्या. याचा फायदा मुलांना किती वाटायचा ते सोडा, आम्हाला फार वाटायचा. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे याच गावात राहिले, हेही कोल्हापुरात असताना कानावर आलेलं होतं. त्यामुळे 'डोंबिवली म्हणजे शिकणाऱ्यांचं गाव' असं एक चित्र मनात होतंच.

आमचंच सांगते. १९९८ मध्ये माझी कोल्हापूरहून फोर्टातल्या शाखेत बदली झाली. मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत, आणि सासूबाई बरोबर. ह्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरी धरली. राहायचं कुठे यावर घरात महिनाभर परिषद चालली. बँकेच्या क्वार्टर्ससाठी यादी लांब. पार्ले आणि ठाण्याचं नौपाडा आम्हाला मनापासून आवडलं, पण भाव ऐकून तिथला चहा पिऊन परतलो. नेरूळचे रस्ते ऐसपैस, घरही मोठं मिळत होतं. पण पसंत पडलेली शाळा बसच्या अंतरावर. बदलापूर स्वस्त, पण तेव्हा गाड्या कमी. राहिली डोंबिवली.

इथे आम्ही रविवारी रविवारी येऊन पायी पाहणी केली. घड्याळ ह्यांच्या हातात आणि चाल सासूबाईंची. त्यांना गुडघेदुखी, म्हणून त्यांच्या चालीने जे अंतर जमेल तेच खरं, असं ठरवलं होतं. बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून ५ मिनिटे' छापलं होतं. सासूबाईंच्या चालीने ती १९ भरली. (बिल्डर बहुधा पळत मोजत असावा.) शाळा मुख्य रस्त्याने ११ मिनिटं. मंदिर चौदा. भाजीवाली तर कोपऱ्यावरच. सासूबाई म्हणाल्या, "इथं मला कुणाची वाट बघायला लागणार नाही." घर त्यांनीच पसंत केलं म्हणा ना.

पूर्वच का, याचंही कारण आहे. रुळांनी या गावाचे दोन भाग केलेत. पलीकडची शाळा नकाशात हाकेच्या अंतरावर दिसते, पण लहान मुलाला रोज जिने नाही तर पूल ओलांडावा लागतो. सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१ कोपर पूल बंद होता तेव्हा ही गोष्ट गाडीवाल्यांनाही कळली. आमच्यासारखे बदलीवाले लोक त्या बाबतीत सावध असतात. नव्या गावात ना मामा ना आत्या; मूल आजारी पडलं तर शाळेतून कोण आणणार, हा पहिला विचार. आजीला चालत जाता आलं पाहिजे.

याची किंमत मोजावी लागली, तीही लिहायला हवी. माझी सकाळची फास्ट तासाभराची, आणि त्यातला बहुतेक काळ मी उभी. मुलांचं चालणं माझ्या उभं राहण्यावर चाललं असं मी गमतीने म्हणते, पण ती नुसती गंमत नाही. गृहकर्जाचा दर तेव्हा १३ टक्क्यांच्या आसपास. कारखान्यांचा वास काही रात्री खिडकी उघडू द्यायचा नाही. २६ मे २०१६ च्या स्फोटात एमआयडीसीत माणसं गेली आणि दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या, तेव्हा आपल्यातल्या दोन कुटुंबांनी घर विकायचं ठरवलं. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत.

आता सोसायटीकडे वळते. १९९९ च्या गुढीपाडव्याला गणेश मंदिराने पहिली स्वागतयात्रा काढली तेव्हा आपली इमारत तिसऱ्या स्लॅबपर्यंत आली होती. त्या यात्रेत आमची काही कुटुंबं पहिल्यांदा एकमेकांना भेटली. नोंदणीला किमान दहा सभासद लागत. ते दहा जण गोळा करणं त्या ओळखीमुळे सोपं गेलं.

ताबा घेतल्यावर लक्षात आलं की मागच्या बाजूला अखंड भिंत आहे. भिंतीपलीकडे गल्ली, गल्लीच्या टोकाला शाळेचं मैदान. मुलांनी मात्र पुढच्या गेटने बाहेर पडून मुख्य रस्त्याने, रिक्षांच्या मधून, पूर्ण वळसा घालून जायचं. २००१ च्या सर्वसाधारण सभेत यावर दोन तास चर्चा झाली. चोर येतील, कुत्री येतील, गल्लीतली पोरं येतील, सगळं बोलून झालं. शेवटी घरटी ३०० रुपये काढून भिंतीत चार फुटी फाटक बसवायचं ठरलं. बिल्डरने अंग काढून घेतलं. गवंडी आपणच आणला, आणि फाटक बसलं त्या दिवशी पोरांनीच नारळ फोडला. अकरा मिनिटांची पाच झाली आणि मोठा रस्ता टळला.

बी विंगमधले निवृत्त सर रोज सकाळी सात वाजता तिथे उभे राहायचे. कोणाची बुटाची नाडी सुटलेली, कोणाचा डबा राहिलेला, हे बघून ते पोरांना ओळीने सोडायचे. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं. २०११ मध्ये ते गेले त्या दिवशी दहावी-बारावीतली मुलं फाटकापाशी आपण होऊन जमली होती. माझी मुलगी आज पुण्यात डॉक्टर आहे. तिला शाळेचं काय आठवतं विचारलं तर ती आधी या गल्लीतलं बुचाचं झाड सांगते.

हे सगळं आता लिहायचं कारण नुसत्या आठवणी नाहीत. आज आपल्या आवारातून चालत शाळेत जाणारी मुलं तीन. बाकीची पिवळ्या बसने जातात. कोणाला वेगळं बोर्ड हवं, कोणाला इंग्रजी माध्यम. त्यात कोणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, माझी नातही बसनेच जाते. गाड्या मात्र ४१ झाल्या. म्हणून मागच्या आवारात यांत्रिक पार्किंग बसवण्याचा प्रस्ताव आलाय, आणि त्याच्या नकाशात फाटकाच्या जागी खांब आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, मी स्वतः ती रोज बघते. पण खांब चार फूट सरकवला तर दोन गाड्या कमी बसतील, एवढाच तो हिशोब आहे. मी तो कागदावर मांडून कार्यकारिणीला दिलाय.

गेल्या वर्षी ए विंगमध्ये हैदराबादहून बदली होऊन एक तरुण जोडपं भाड्याने आलं. सामान उतरत असतानाच त्या मुलीने मला विचारलं, "काकू, शाळा चालत आहे का?" त्या तीन मुलांतलं एक तिचं. ती भाडेकरू, तिला सभेत मत नाही.

२००१ च्या त्या ठरावात एक वाक्य आहे: 'सदर फाटक शाळेच्या वेळेत कायम उघडे ठेवण्यात यावे.' खाली २८ पैकी २६ सह्या आहेत. इतिवृत्ताच्या त्या पानाची नक्कल मी सचिवांकडे दिली आहे. नकाशावर सह्या होण्याआधी ती सभेत वाचली जावी, एवढी विनंती.