सल्लागार, मक्तेदार आणि मान्यतेची यादी

वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगार डोंगराच्या बाजूला गोखिवरे हें गांव आहे. आज तें वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत असून तेथें लहान कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत. अशा गाळ्यांत तयार होणारा माल पुष्कळदां दुसऱ्याच्याच नांवानें सरकारदरबारीं रुजू होतो. मुख्य मक्ता एखाद्या मोठ्या कंपनीचा असतो. तिच्या हाताखालीं दुसरी कंपनी, तिच्या हाताखालीं तिसरी आणि अगदीं शेवटीं गाळेवाला, अशी ही उतरंड असते. सरकारची ओळख असते ती सर्वांत वरच्याशीं. सरकारनें कामें देण्यापूर्वींच योग्य माणसें पारखून त्यांची यादी करावी आणि पुढें त्या यादींतूनच मक्ते द्यावे, ही पद्धत कशी रूढ झाली व तिच्यांत गुण किती आणि उणीव कोणती, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

निवडीची गरज प्रथम पैशाच्या व्यवहारांत भासली. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. पेशव्यांच्या मुलखांत कमाविसदार नेमतांना त्याच्याकडून ‘रसद’ म्हणजे कांहीं रक्कम आगाऊ घेण्याची वहिवाट होती. पण त्याबरोबर त्याची माहिती, त्याचा वकूब आणि दरबारांतील त्याचे जामीन यांचाही विचार होत असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत हा विवेक सुटला. महाल इजाऱ्यानें जाऊं लागले, आणि जो अधिक बोली करील त्याच्या पदरांत ते पडूं लागले. इजारदारानें भरलेला पैसा शेवटीं रयतेच्या घरांतूनच वसूल झाला. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत या पद्धतीचे दोष स्पष्ट दाखविले आहेत. बोली हीच एकमेव कसोटी ठेवली तर सरकारची तिजोरी भरते आणि मुलूख उजाड होतो, हा धडा त्या काळानें शिकविला.

पुढें आगगाडी आली आणि प्रश्नाचें रूप बदललें. १८४९ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशीं जो करार झाला, त्यांत भागीदारांना शेंकडा ५ व्याजाची हमी सरकारनें दिली. कंपनीस तोटा आला तर तो सरकारनें म्हणजेच रयतेनें सोसावयाचा होता. म्हणून खर्चावर नजर ठेवण्यासाठीं सरकारनें आपले ‘कन्सल्टिंग एंजिनियर’ नेमले. या सल्लागारांचें काम नुसता सल्ला देण्याचें नव्हतें. त्यांच्या संमतीवांचून कंपनीचे नकाशे व अंदाजपत्रकें पुढें सरकत नसत. आज ज्याला सल्लागार म्हणतात, त्याचा आपल्या देशांतील एक पूर्वज हा असा सरकारी परीक्षक होता.

वसईच्या रेल्वेशीं या इतिहासाचा फार जवळचा संबंध आहे. हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक कन्सल्टिंग एंजिनियर कर्नल जॉन पिट केनेडी यांनीं तें पद सोडल्यावर बाँबे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या स्थापनेंत पुढाकार घेतला व ते त्याच कंपनीचे सल्लागार एंजिनियर झाले. घाट चढण्याचा खर्च टाळून किनाऱ्यानें जावें, असें त्यांचें मत होतें. खाड्या आणि नद्या वाटेंत पुष्कळ. म्हणून त्यांनीं सुमारे ६० फुटांच्या लोखंडी गर्डरचा एकच नमुना ठरविला आणि मळसूत्री खांबांवर तो जागोजागीं बसविला. वसईच्या खाडीवरील पूलही याच नमुन्याचे होते. १८६४ सालीं ही गाडी वसईवरून ग्रँट रोडपर्यंत आली. एक नमुना एकदां तपासून मान्य केला कीं प्रत्येक पुलासाठीं नवी परीक्षा नको, हें त्यामागचें तत्त्व होतें. मक्तेदारांची मान्य यादी करण्याच्या मुळाशीं हाच विचार आहे. भेद इतकाच, कीं लोखंडाचा गर्डर बदलत नाहीं, माणूस बदलतो.

हा भेद बोरघाटांत फार कडू रीतीनें प्रत्ययास आला. मुंबई ते ठाणें या पहिल्या रेल्वेचें बांधकाम फॅव्हिएल या इंग्रज मक्तेदारानें पार पाडलें होतें. पारखलेला माणूस म्हणून १८५५ सालीं बोरघाटाचा अवघड मक्ता त्यालाच मिळाला. पूर्वानुभवाच्या कसोटीस तो पुरेपूर उतरत होता. परंतु मुख्य मक्तेदाराखालीं पोटमक्तेदार आणि त्यांच्या खालीं मुकादम अशी साखळी तेथें झाली. मजुरीची थकबाकी सांचत गेली आणि जानेवारी १८५९ मध्यें मजुरांनीं दंगा केला. त्याच वर्षीं फॅव्हिएलनें मक्ता सोडला. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा येथें आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनें मक्ता आपल्या नांवें चालवून जाणत्या एंजिनियरांकडून काम तडीस नेलें, आणि १८६३ सालीं घाट खुला झाला. कोणत्याही यादींत अ‍ॅलिस ट्रेडवेलचें नांव आधीं असणें शक्य नव्हतें, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच काळांत जमशेटजी दोराबजी या पारशी मक्तेदारानें इंग्रज मक्तेदारांच्या बरोबरीनें रेल्वेचीं कामें मिळविलीं व उत्तम करून दाखविलीं.

दंग्याचा परिणाम कायद्यावर झाला. १८६० सालीं रेल्वे, कालवे इत्यादि सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनें तत्काळ निकालांत काढावे, असा कायदा झाला. काम अर्धवट टाकणाऱ्या मजुरासही त्यांत शिक्षा होती. म्हणजे तो निव्वळ मजुरांच्या हिताचा नव्हता. तथापि मक्तेदार पारखून घेतला म्हणजे शेवटच्या माणसाचा पैसा आपोआप पोंचतो असें नाहीं, ही गोष्ट सरकारनें त्या वेळीं प्रथम मान्य केली.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मदतीचें युग आलें. १९४९ सालीं जागतिक बँकेनें भारताला पहिलें कर्ज दिलें तें रेल्वेसाठींच. ५ जानेवारी १९५२ रोजीं अमेरिकेशीं तांत्रिक सहकार्याचा करार झाला, आणि १९६१ सालीं अमेरिकन सरकारनें ‘यूएसएड’ हें मदतीचें स्वतंत्र खातें काढलें. या खात्याचा बराचसा व्यवहार नोकरवर्गाऐवजीं मक्तेदारांच्या हातून होई. दर कामासाठीं नव्यानें निविदा मागविण्यांत महिनेच्या महिने जात. म्हणून निवड दोन पायऱ्यांनीं होऊं लागली.

पहिल्या पायरीस खातें एखादा विषय जाहीर करी, उदाहरणार्थ पाणीपुरवठा, आरोग्य वा शेती. सल्लागार संस्थेनें मागें केलेलीं कामें, त्या कामांच्या मालकांचे अभिप्राय, प्रमुख तज्ज्ञांची माहिती, तपासलेले हिशेब आणि आपले दर सादर करावयाचे. त्यांतून निवडलेल्या थोड्या संस्थांशीं कांहीं वर्षांचा छत्रकरार होई. त्यांत कमाल रकमेची मर्यादा असे, पण नाममात्र किमान रकमेपलीकडे कामाची हमी नसे. दुसऱ्या पायरीस प्रत्यक्ष काम निघालें कीं चढाओढ त्या निवडलेल्यांतच होई. बाहेरच्याला तेथें प्रवेश नसे. त्यानें यादींतील एखाद्या मोठ्या संस्थेचा पोटमक्तेदार व्हावें, अनुभव मिळवावा आणि पुढच्या वेळीं स्वतःच्या नांवानें दार ठोठवावें, हाच त्याचा मार्ग. लहान उद्योगांसाठीं कांहीं मक्ते राखूनही ठेवीत. शिवाय योजनेचा आराखडा ज्यानें केला, त्यालाच ती राबविण्याचा मक्ता सहसा मिळूं नये, असें बंधन होतें. परीक्षक आणि मक्तेदार एकाच घरचे असूं नयेत, ही दक्षता त्यामागें होती.

जागतिक बँकेची रीत थोडी वेगळी आहे. कर्ज घेणारें सरकार इच्छुक संस्थांकडून माहिती मागवितें, थोडक्यांची यादी करितें आणि गुणवत्ता व किंमत यांचे लखोटे निरनिराळे उघडून निवड करितें. वसईकरांना याचें फळ परिचित आहे. २००२ सालीं बँकेनें मुंबई नागरी परिवहन प्रकल्पास कर्ज मंजूर केलें, आणि त्या प्रकल्पांतून बोरिवली ते विरार दोन जादा रूळ पडले. मात्र त्याच प्रकल्पांत मुंबईंत घरें व दुकानें हललेल्या लोकांच्या तक्रारी बँकेच्या तपासणी मंडळापुढें गेल्या. पुनर्वसन ज्यांच्याकडे सोंपविलें त्या संस्थांची कुवत आधीं नीट जोखली गेली नव्हती, असें मंडळास आढळलें, आणि मार्च २००६ मध्यें बँकेनें कर्जाचा कांहीं भाग तात्पुरता रोखला.

यादी निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. तिच्यामुळें वेळ वांचतो, तोतयांना आळा बसतो आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब राहतो. महाराष्ट्राचें सार्वजनिक बांधकाम खातेंही मक्तेदारांची वर्गवार नोंदणी याच हेतूनें करितें, आणि मजूर सहकारी संस्था व बेकार एंजिनियर यांना लहान कामांत हिस्सा राखून ठेवतें. पण यादीची परीक्षा वरच्या माणसाची असते. काम करण्यास तो समर्थ आहे काय, एवढेंच ती विचारते. काम थांबलें तर तोटा कोणाच्या माथीं बसेल, हें ती विचारीत नाहीं.

२०२५ सालीं हें पुन्हां दिसून आलें. २० जानेवारी रोजीं अमेरिकन सरकारनें परदेशी मदतीस स्थगिती दिली आणि मार्चपर्यंत यूएसएडचे बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. १ जुलै रोजीं त्या खात्याचें काम संपलें. झालेल्या कामाचे सुमारे दोन अब्ज डॉलर मिळावे म्हणून मक्तेदार व संस्था यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. मोठ्यांना वकील मिळाले. त्यांच्या हाताखालच्यांना वरचे पैसे येईपर्यंत वाट पाहण्यावांचून गति नव्हती. बोरघाटाला १६६ वर्षें लोटलीं होतीं, पण साखळीचें शेवटचें टोंक होतें तेथेंच होतें.

भारतांत यावर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानें एक उपाय केला आहे. नोंदणी झालेल्या लहान उद्योगाचा माल स्वीकारल्यावर ४५ दिवसांच्या आंत पैसे दिले पाहिजेत, नाहींतर चक्रवाढ व्याज द्यावें लागतें. गोखिवऱ्याच्या गाळेवाल्यालाही या कायद्याचा आधार आहे. पण पुढचें काम तुटेल या भीतीनें पुष्कळदां लहान माणूस मागणी करीतच नाहीं. म्हणून मान्य यादींत नांव घालतांना, मागील कामांवर हाताखालच्यांचे पैसे वेळेवर दिले काय, हा प्रश्नही सरकारनें विचारावयास हवा. त्याचें उत्तर मोठ्या कंपनीच्या अहवालावरून न घेतां गाळ्यांत जाऊन घेतलें, तर ती यादी खऱ्या अर्थानें पारखलेल्यांची होईल.