वेशीबाहेरचे चांदा

चंद्रपूरचा कोट एका सशाने आखला, असे लोककथा सांगते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा झरपट नदीच्या परिसरात शिकारीस गेला असता एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याच्याच पाठीस लागला. राणीला तो शुभशकुन वाटला आणि ते दोघे ज्या वाटेने धावले, त्याच वाटेने नव्या राजधानीचा तट उभारावयाचे ठरले. कथा ही कथा म्हणूनच घ्यावी. परंतु ती रेषा जमिनीवर उमटली आणि त्याच दिवशी आतले व बाहेरचे असे दोन चांदे जन्मास आले, एवढे मात्र खरे. आतल्या चांद्याचा इतिहास राजवंशांसह नोंदला गेला. बाहेरच्या चांद्याचा थोडासा मागोवा आज आम्ही घेऊ इच्छितो.

या तटाला चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा. शिवाय पाच खिडक्या आहेत. त्यांपैकी एकीचे नाव मसण खिडकी. त्या नावातच तिचा उपयोग कळतो. नगराला जे आत नको होते, ते बाहेर जाई. अचलेश्वर दरवाजातून बाहेर पडले की झरपट नदी लागते. जवळच महाकालीचे देऊळ आहे. ते राणी हिराईने बांधले असे मानतात. चैत्रातल्या यात्रेस मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, हजारो लोक येतात. त्यापुढे बाबुपेठ आणि लालपेठ या वस्त्या पसरल्या आहेत.

लालपेठेच्या बाजूस अखंड पाषाणात कोरलेल्या प्रचंड मूर्ती उघड्यावर पडून आहेत. त्यांतील दशमुखी दुर्गेची मूर्ती सुमारे २५ फूट लांब आहे. दहा तोंडे पाहून लोक तिला रावण म्हणतात. रायप्पा नावाच्या एका कोमटी व्यापाऱ्याने देवालय बांधण्याचे मनात धरून त्या घडविल्या. पण काम पुरे होण्यापूर्वीच तो वारला, असे सांगतात. रायप्पाचे नाव राहिले. ज्यांनी छिन्नी चालविली, त्या पाथरवटांपैकी एकाचेही नाव राहिले नाही. त्या मूर्तींपाशी उभे राहिलो असता आम्हांला हीच गोष्ट अधिक बोचली.

१८१८ च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रजी फौजेने चांदा जिंकले. किल्लेदार गंगासिंह लढता लढता पडला. तटाचे लष्करी महत्त्व तेथेच सरले. पुढे नवी सत्ता आली ती जमिनीखालून. भूगर्भशास्त्रज्ञ येथल्या दगडी कोळशाच्या खडकांना गोंडवन हेच नाव देतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याची खाण सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. मग बल्लारपूर, लालपेठ, महाकाली, दुर्गापूर येथे कोळसा निघू लागला. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ पासून त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आल्या.

कोळशाने माणसे आणली. कोणी तेलंगणातून आले, कोणी छत्तीसगडातून, कोणी आसपासच्या खेड्यांतून. खाणीचा भोंगा झाला की घरातला पुरुष पाळीवर निघे आणि तो परत येईपर्यंत बायकोचे लक्ष दाराकडे असे. १९८३ मध्ये दुर्गापूरजवळच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला. दूरदूरच्या शहरांत दिवे लागले. राख आणि काजळी मात्र याच वस्त्यांच्या छपरांवर उतरली. तटाआतल्या नगराचे वैभव राजाच्या काळी बाहेरच्या हातांवर उभे होते. आजही ते तसेच आहे.

२०११ मध्ये चंद्रपूर महानगरपालिका झाली. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी तटावरची झुडपे तोडून, माती-कचरा उपसून तो मोकळा करावयास घेतला, आणि कित्येकांना आपला कोट प्रथमच नीट दिसला. हे काम स्तुत्यच होय. परंतु तटाचा दगड जपावा तशी तटाबाहेरच्या माणसांची आठवणही जपावयास हवी.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी खाणीत उतरलेले आजोबा किंवा वडील असतील. ते कोठून आले, पहिली झोपडी कोठे टाकली, पाणी कोठून आणले, पहिला पगार किती मिळाला, हे त्यांना विचारून एका वहीत लिहून ठेवा. रायप्पाच्या पाथरवटांना कोणी विचारले नाही. ती चूक आपण पुन्हा करू नये, एवढीच आमची विनंती.