शेवटचा अंक कोणाचा?

नाटक आणि सामाजिक जबाबदारी हा विषय खरे म्हणजे विद्वानांचा. मी पडलो कामगार चळवळीतला माणूस. नाट्यशास्त्र कोणापाशी शिकलो नाही. जी नाटके वाचली ती वाचनालयातून आणून, रात्री. पण युनियनच्या कामाने एक सवय लागली आहे. करारनामा हाती आला की आम्ही शेवटची कलमे आधी वाचतो. भांडण कोणी मिटवले, कोणाच्या सहीने मिटले आणि उद्या करार मोडला तर जाब कोणाला विचारायचा, हे तेथे कळते. नाटकेही मी तशीच वाचत आलो. शेवटच्या अंकात संकट कोण निवारतो, हे पाहिले म्हणजे नाटककाराचा समाजावर विश्वास किती, याचा अंदाज येतो.

जबाबदारी म्हणजे काय, हे पेणच्या खारेपाटात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खाडीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घातलेला, पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी उघाडी ठेवलेली. उधाणाच्या भरतीला बांधाला एके ठिकाणी खांड पडली, की पाणी काही सातबारा वाचून आत शिरत नाही. खारे पाणी एकदा शिरले की भाताचे पीक गेले, आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला आणखी काही हंगाम जातात. म्हणून शेतकरी आपापला वाटा उचलून बांधबंदिस्ती करीत; त्याला जोळ म्हणत. 1948 साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी कायदा केला आणि हे काम हळूहळू सरकारी खात्याकडे गेले. शेजाऱ्याच्या बांधावर माती टाकणारा उपकार करीत नसतो. तो आपलेच शेत राखत असतो. कुंडलिकेच्या काठच्या रोहेकरांनाही हे वेगळे सांगायला नको. वरच्या अंगाला नदीत काय सोडले जाते, याची झळ खालच्या गावाला लागते.

आता हे माप घेऊन ‘संगीत शारदा’कडे पाहू. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक 1899 साली रंगभूमीवर आले. त्यांच्या सात नाटकांत स्वतंत्र असे हे एकच. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, इंदिराकाकू तळमळते, पण तिचे कोणी ऐकत नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांत या नाटकाने बायकापुरुषांच्या डोळ्यांना पाणी आणले. ते पाणी खरे होते, यात मला शंका नाही. पण लग्न मोडते कशाने? गावाने अडवले म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे उघडकीस येते, म्हणून ते मोडते. समजा, गोत्रे निराळी असती, तर? मांडव सजलाच होता. मुलीची विक्री आहे हे दिसत असूनही गाव त्या मांडवात बसले होते. पुढे जीव द्यायला निघालेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि तिच्या विवाहाचा मार्ग शंकराचार्यांच्या निर्णयाने मोकळा होतो. म्हणजे संकट निवारले ते शास्त्रातल्या एका कलमाने, एका धीट तरुणाने आणि एका धर्माधिकाऱ्याने. समाज तेवढा प्रेक्षकच राहिला. मी देवलांना दोष देत नाही; त्या काळचे गाव तसेच होते आणि त्यांनी ते तसे दाखवले. उलट, बघ्यांच्या गर्दीचे इतके चोख चित्र मराठीत फार थोड्यांनी काढले असेल.

जाता जाता एक सांगतो. 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपल्याकडे शारदा कायदा म्हणतात आणि पुष्कळांना तो देवलांच्या शारदेवरून पडलेला शब्द वाटतो. कायदा आणणारे गृहस्थ अजमेरचे हरबिलास सारडा. त्यांच्या नावाचा कायदा मराठी माणसाने आपल्या नाटकाच्या नायिकेला देऊन टाकला! चूक खरी, पण गोड चूक आहे. नाटक मनात किती खोल गेले होते, ते यावरून कळते.

‘एकच प्याला’ 1919 चे. त्याविषयी फार बोलत नाही. सिंधूसाठी रडलेला प्रेक्षक घरी हलका होऊन जातो. रडून मोकळे होण्याचा हा गुण की दोष, ते ज्याने त्याने ठरवावे.

आश्चर्य असे, की याच्या कितीतरी आधी, 1855 साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले होते. जोशीबुवा एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि त्या जोडप्याला कर्ज काढून खर्च करायला लावतो. विदूषक मधूनमधून बोचरे बोलत राहतो, एक पाद्री वाद घालतो. आणि शेवटी? कोणी वीर पुरुष धावून येत नाही. ते कुणबी नवराबायको शिकायचे ठरवतात आणि रात्रीच्या शाळेची वाट धरतात. ती शाळा नाटकातली कल्पना नव्हती. जोतीराव-सावित्रीबाईंचे ते चालू काम होते. रंगमंचावरून उतरून माणसाने जावे कोठे, याचा पत्ता देणारे नाटक! दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. ते छापून लोकांच्या हाती आले 1979 साली. मधली 124 वर्षे मराठी नाटक या शेवटावाचून वाढले.

ती वाट पुन्हा सापडली गिरणगावात. 1928 साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्या संपात पुष्कळ कामगार कोकणातल्या आपल्या गावी परतले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे येतात; पण ज्या घरांनी तांदळाच्या कणगीत हात घालून सहा महिने जास्तीची तोंडे पोसली, ती घरेही संपात होतीच. मामा वरेरकरांनी 1932 च्या ‘सोन्याचा कळस’ मध्ये गिरणीतला मालक-मजूर झगडा रंगभूमीवर आणला. पुढे 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यातली गणेशस्तुती काढून तेथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातले; गवळण तर गाळलीच. काही जाणत्यांना हे रुचले नाही. माझ्या मते यात मोठा विचार होता. आरंभीच कोणाला नमस्कार करायचा हे बदलले, की शेवटी कोणाकडून सुटकेची अपेक्षा करायची हेही बदलते. प्रचाराच्या भरात त्यांची काही पात्रे सपाट झाली, हे मात्र कबूल केले पाहिजे. शेटजी म्हटला की तो लबाडच, हे पहिल्या वाक्याला कळू लागले म्हणजे तमाशातली गंमत जाते.

आपल्या जिल्ह्याने तर हा शेवटचा अंक रंगभूमीवाचूनच करून दाखवला आहे. 1933 च्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले. आसपासची पंचवीस गावे त्यात होती. नांगर थांबले ते 1939 पर्यंत. सहा वर्षे माणसांनी जंगलातला लाकूडफाटा तोडून, खाडीतले मासे-खेकडे धरून दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू घेतली आणि 1937 साली खोती नाहीशी करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले. 1939 मध्ये कूळकायदा आला. खोती कायद्याने गेली ती त्यानंतर दहा वर्षांनी.

या संपात नाटकाला लागते ते सारे आहे. दुसरा घेऊन कसेल ही प्रत्येकाच्या मनातली भीती आहे, सावकाराचा निरोप आहे, चुलीपाशी बसून ‘आता पुरे’ म्हणणारी बायको असेल आणि ‘आताच नाही’ म्हणणारीही असेल. एका कुळाने रात्री गुपचूप खोताचा उंबरठा चढला असता, तर खांड तेथेच पडली असती. जत्रेच्या आणि उत्सवाच्या नाटकांसाठी आपल्या गावोगावच्या हौशी मंडळी दरवर्षी राजेराण्यांची संहिता शोधत असतात. पात्रे वीसपंचवीस हवीत, ही त्यांची नेहमीची अडचण, कारण गावातल्या प्रत्येक वाडीला एकेक काम द्यावे लागते. चरीच्या नाटकात प्रत्येकाला काम मिळेल.