दिनविशेष : ११ जून
विमानांना हरवणारे इंजिन

१९२७ : अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गच्या वॉशिंग्टनमधील स्वागताची फिल्म घेऊन पेन्सिल्व्हेनिया रेल्वेचे ४६० क्रमांकाचे वाफेचे इंजिन न्यूयॉर्ककडे धावले. प्रतिस्पर्धी वृत्तपट कंपन्यांनी आपल्या फिल्म विमानाने धाडल्या. विमाने आधी पोचली, पण फिल्म धुणे बाकीच होते. रेल्वेत मात्र हिंदकळणाऱ्या सामानाच्या डब्यातच अंधारखोली थाटली होती. गाडी थांबली तेव्हा फिल्म तयार होती आणि चित्रपटगृहांत तीच आधी झळकली. सरासरी वेग ताशी सुमारे ७४ मैल!

१९१४ मध्ये अल्टूनाजवळच्या जुनियाटा कारखान्यात घडलेल्या या इंजिनाची मुख्य चाके ८० इंच व्यासाची, म्हणजे पुरुषभर उंचीपेक्षाही मोठी. त्या दिवशी ते न्यू जर्सीतील आजच्या एडिसनमधूनच गेले. तेव्हा या गावाचे नाव रॅरिटन होते. याच मार्गावरून आज इथली असंख्य मराठी माणसे रोज न्यूयॉर्कला कामावर जातात.

१९५५ मध्ये ४६० निवृत्त झाले. त्याच्या वर्गातील ८३ इंजिनांपैकी हे एकच भंगारातून वाचले. पेन्सिल्व्हेनियातील स्ट्रासबर्गच्या रेल्वे संग्रहालयात ते जपले आहे. मुलांना घेऊन एकदा त्या चाकांशेजारी उभे राहायलाच हवे.