रमाबाईंचे बायबल व अर्थाचा प्रश्न

बायबलासंबंधाने जिज्ञासू मनुष्य साधारणतः तीन प्रश्न विचारतो. हा ग्रंथ एक की अनेक? तो मुळात कोणत्या भाषेतला? आणि त्यातील वचनांचा अर्थ ठरवावयाचा कोणी? पहिल्या दोहोंची उत्तरे सोपी आहेत. बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथ त्यात ६६ पुस्तके मानतो, तर रोमन कॅथॉलिक पंथ ७३. जुना करार बहुतांशी हिब्रू भाषेत, थोडा अरामी भाषेत, व नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिसरा प्रश्न मात्र इतका सुलभ नव्हे. त्याच्या उत्तरासाठी महाराष्ट्रातील एका विदुषीने आपली अखेरची वर्षे वेचली, तो इतिहास आम्हांस येथे सांगावयाचा आहे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांस भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत होते. १८७८ साली त्या कलकत्त्यास आल्या, तेव्हा तेथील ख्रिस्ती मंडळींनी त्यांस बायबलाचे संस्कृत भाषांतर दिले. संस्कृत तर त्यांच्या घरची भाषा. तथापि त्या पुस्तकाचा अर्थ त्यांस लागेना, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. शब्द सारे ओळखीचे आणि आशय मात्र अनोळखी! भाषा येणे व अर्थ कळणे या दोन भिन्न गोष्टी होत, याचा हा पहिला धडा होय.

१८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण प्रश्न विचारणे सोडले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी व धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेविषयी त्यांनी मठवासिनींशी पत्रांतून कठोर वाद घातला. अंगावर धारण करावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, हेही त्यांस मान्य होईना. जी भाषा आपणास व आपल्या देशभगिनींस कळत नाही, ती का मिरवावी? लिहावयाचेच तर संस्कृत लिहावे, असे त्यांचे म्हणणे पडले.

तथापि सोलापूरहून पुण्याकडे जाताना चिंचोळीची औद्योगिक वसाहत, मोहोळ व दौंड मागे टाकल्यावर लोहमार्गावर जे केडगाव लागते, तेथे बाईंची दृष्टी आणखी पालटली. दुष्काळातून वाचलेल्या निराधार स्त्रियांस त्यांनी तेथे मुक्तिसदनात आश्रय दिला होता. त्या स्त्रियांस संस्कृत तरी कोठे कळत होते? मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचा नवा करार १८११ साली, व मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ साली छापला गेला होता. परंतु प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर व साध्या स्त्रियांस दुर्बोध आहे, असा बाईंचा आक्षेप होता. म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी पंधरा वर्षांहून अधिक काळ नवे भाषांतर केले.

यातील अडचण केवळ कठीण शब्दांची नव्हती. हिब्रू ‘रुआह’ या एकाच शब्दात वारा, श्वास व आत्मा हे तिन्ही अर्थ सामावतात. मराठीत ‘आत्मा’ म्हटले की वारा व श्वास गळून जातात आणि वेदान्तातील अविनाशी आत्मतत्त्व पुढे येऊन उभे राहते. ‘मोक्ष’ म्हटले की जन्ममरणाचा फेरा आठवतो. हिब्रू ‘येशुआ’ शब्दात मात्र संकटातून सुटका होण्याचा भाव मुख्य आहे. भाषांतरकाराने कोणताही शब्द निवडला, तरी तो एक अर्थ राखतो व दुसरा सोडतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. रेव्हरंड टिळकांनी संतकवितेच्या वळणानेच ख्रिस्तभक्ती गाइली, आणि ती मराठी मनास अधिक जवळची वाटली. रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. चर्चांतून ते फारसे रूढ झाले नाही. परंपरेने रुळलेले शब्द टाकून दिले, म्हणजे भाषा सोपी होतेच असे नाही. कधी ती परकीही होते.

तरीही या उद्योगाचे मोल आम्हांस मोठे वाटते. मुक्तिसदनातील ज्या स्त्रियांस समाजाने अक्षरापासून दूर ठेविले होते, त्यांनीच या ग्रंथाचे खिळे जुळविले व तो छापला. धर्मवचनाचा अर्थ विद्वानांनी ठरवावा आणि इतरांनी तो मुकाट्याने ऐकावा, ही रीत सर्वच धर्मांत जुनी आहे. अर्थ विचारण्याचा अधिकार ऐकणारीसही आहे, हे केडगावच्या छापखान्याने दाखवून दिले.