शालेय भूगोल आणि नागपूर

लोकसंख्या, स्थलांतर व पर्यावरण या घटकांच्या परिसर-अभ्यासाचे उदाहरण. महाराष्ट्राच्या दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांची तुलना असून क्षेत्रभेट, लोकसंख्या व मानवी वस्ती ही प्रकरणे आहेत. त्यांतील संकल्पना नागपुरात प्रत्यक्ष पडताळता येतात.

जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २००१ मध्ये २०,५२,०६६, तर २०११ मध्ये २४,०५,६६५ होती. दशकातील ही वाढ सुमारे १७ टक्के भरते. स्थलांतराचे थर वस्त्यांत दिसतात : १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने कामगार आणले, फाळणीनंतर सिंधी निर्वासित जरीपटक्यात वसले, छत्तीसगडी मजूरही रोजगारासाठी आले.

पर्यावरणाचा धडा नाग नदी देते. लाव्हा परिसरातील टेकड्यांत उगम पावणारी ही नदी शहराचे सांडपाणी घेऊन पूर्वेकडे जाते. ते कन्हान व वैनगंगेमार्गे गोसीखुर्द जलाशयात पोहोचते. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला व नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. नदीच्या पुलावर उभे राहून पाण्याचा रंग, वास व काठची बांधकामे वहीत नोंदवणे, ही या अभ्यासाची खरी सुरुवात होय.