१८६५ सालची मंदी आणि विकण्याची वेळ

सट्ट्यांत बुडालेल्या माणसासंबंधीं आपण सहज म्हणतों कीं, ‘वेळींच विकून मोकळा झाला असता तर!’ हें ‘वेळींच’ म्हणजे नेमकें केव्हां, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. मुंबईंत १८६३ ते १८६५ या सालांत शेअरांचा जो वेडाचार माजला, त्याची हकीकत याच प्रश्नासाठीं पुन्हां चाळून पाहण्यासारखी आहे.

वेडाचें मूळ अमेरिकेंत होतें. १८६१ सालीं तेथें यादवी सुरू झाली, दक्षिणेकडील संस्थानांचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें रोखलीं, आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडील कापसाकडे वळल्या. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. तो गुंतवावयास बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० पर्यंत चढला.

हा प्रसंग वर्गांत सांगितला म्हणजे मुलें विचारतात, “युद्ध संपणार हें कोणालाच कसें कळलें नाहीं?” कळलें होतें, इतके खुळे व्यापारी मुंबईंत नव्हते. परंतु १८६३ च्या जुलैंत गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग येथें दक्षिणेचा मोड झाला, हें ऐकून एखाद्या विचारी गृहस्थानें आपले सर्व शेअर विकले असते, तर काय झालें असतें? त्याचा तर्क अगदीं बरोबर होता. आणि तरीही पुढें दीड-पावणेदोन वर्षें शेजारीपाजारी गबर होत असतांना त्याला नुसतें पाहत बसावें लागलें असतें. कारण बहुतेक कंपन्या निघाल्या त्या त्यानंतरच! १८६४ अखेर धीर सुटून त्यानें पुन्हां बाजारांत उडी घेतली असती, तर मी तरी त्यास हंसणार नाहीं.

बातमी आधीं मिळाली म्हणजे निभावतें असें म्हणावें, तर प्रेमचंद रायचंद यांचें उदाहरण आडवें येतें. लिव्हरपूलचे भाव घेऊन येणाऱ्या आगबोटी बंदरास लागण्यापूर्वींच मचवे पुढें धाडून ते बातमी काढीत, असें सांगतात. पण ज्याच्या हातीं सर्वांहून अधिक माल, त्यानें विकावयास काढतांच भाव पडावयाचा. त्याला आधीं कळून उपयोग किती?

९ एप्रिल १८६५ रोजीं जनरल ली शरण गेला. कापूस कोसळला, त्यामागें शेअर. वायद्याचे सौदे १ जुलैस पुरे करावयाचे होते. तारीख ठरलेली, त्यामुळें भाव सुधारेपर्यंत थांबण्याचीही सोय नव्हती. घेणारे नाहींसे झाले. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढें ८७ रुपयांस विकला गेला. प्रेमचंदांचीही दौलत बुडाली.

त्यांचा थोडा पैसा मात्र वांचला. १८६४ सालीं, ऐन तेजींत, त्यांनीं मुंबई विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठीं २ लक्ष आणि मातोश्री राजाबाई यांच्या नांवें मनोऱ्यासाठीं २ लक्ष रुपये दिले. देतांना मंदीचा विचार त्यांच्या मनांत असेल असें वाटत नाहीं. मनोऱ्याचें काम १८७८ सालीं पुरें झालें.